वेस्लीची साथ

केंटकीहून वेस्लीच्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघायच्या गडबडीत होते. "वेस्ली आज पहाटे गेला," ती म्हणाली, "तुम्हाला आधी कळवायचं असं सांगून ठेवलं होतं त्यानं." मी रिसीव्हर ठेवला, गाडीत जाऊन बसले, आणि गाडी सुरू करायचंच विसरले... याला आता महिना होत आला.

एक्क्याऐंशी साली नोकरीसाठी आम्ही फीनिक्सजवळ चँडलरला आलो, तेव्हापासून वेस्ली आमचा शेजारी. साठीचा, उंच, पांढऱ्या मिशांचा. आमची मीनल त्याला वेस्लीकाका म्हणायची, आणि 'काका' हे आपलं आडनावच असल्यासारखं तो मिरवायचा. बाप कोळशाच्या खाणीत होता. बापाकडून शिकलेली खाणीतली गाणी तो संपाच्या सभांत, चर्चच्या तळघरांत, जत्रांत गात देशभर फिरला. पुढं त्या रापलेल्या चेहऱ्यामुळं सिनेमात कामं मिळाली, पण ती कसली? "जन्मभर घोड्यावरून पडून मरतोय," तो हसत सांगायचा. "दुसऱ्या सीनच्या पुढं एकदाही जगलो नाही."

एकदा मी अंगणात कपडे वाळत घालताना गुणगुणत होते. कुंपणापलीकडून त्यानं विचारलं, "हे गाणं कुणाचं?" नागपूरला माझे बाबा वस्तीवस्तीतून जलसे करायचे, त्यांनीच रचलेलं होतं ते. माणसाला माणसासारखं जगू द्या, एवढंच मागणारं. मी अर्थ सांगितला. "म्हणजे तुझे वडील आणि माझे वडील एकाच सभेत गाऊ शकले असते," तो म्हणाला. बाबा गेल्यापासून मी कुणासमोर गायले नव्हते. त्या दिवशी कुंपणाशी उभी राहून अख्खं गाणं गायले.

मग एकदाचा त्याला मोठा रोल मिळाला. गावोगाव गात फिरणाऱ्या म्हाताऱ्याचा, शेवटपर्यंत जगणाऱ्या. शूटिंग संपलं, गाणी तेवढी रेकॉर्ड व्हायची राहिली, आणि वेस्लीचा घसा बसला तो बसलाच. कॅन्सर निघाला. जीव वाचवायला स्वरयंत्र काढावं लागलं. सिनेमा काही त्याच्यासाठी थांबणार नव्हता. गाणी दुसऱ्याच गायकानं गायली.

सिनेमा लागला तेव्हा तो मला घेऊन गेला. पडद्यावर वेस्ली गायला तोंड उघडायचा आणि भलताच कुणाचा तरी गोड, तरुण आवाज यायचा. माझ्याच्यानं त्याच्याकडं बघवेना. बाहेर पार्किंग लॉटमध्ये तो गाडीपाशी येऊन थांबला. बोलण्यासाठी आता त्याला गळ्याशी एक छोटं यंत्र धरावं लागे. पत्र्यावर खडे घासावेत तसा आवाज यायचा. "चांगला गातो," तो म्हणाला. "पण खाणीतून परत न आलेल्या माणसाची वाट त्यानं कधी बघितलेली नाही..." गाडीत बसल्यावर, माझ्याकडं न बघता, पुन्हा यंत्र उचललं. "शनिवारी येतो. तू गा, मी वाजवतो."

तेव्हापासून तो गिटार घेऊन यायला लागला. शब्द कळत नसत, पण बाबांच्या गाण्यात संताप कुठं आहे आणि माया कुठं, हे त्याच्या बोटांना बरोबर कळायचं. बुद्धजयंतीला आम्ही महाराष्ट्रातली थोडी घरं फीनिक्सला एका हॉलमध्ये जमायचो, तिथं त्यानं मला हट्टानं गायला लावलं. मागं तो साथीला. गाणं संपल्यावर एक वयस्कर काका त्याचे दोन्ही हात धरून रडायला लागले. हात अडकलेले, त्यामुळं वेस्लीचं यंत्र खिशातच राहिलं. तोही रडत होता, आवाजाशिवाय.

या हिवाळ्यात बहिणीकडं गेला, तो परत आलाच नाही. मी अजून गाते. कडवं संपलं की त्याच्या गिटारीसाठी जागा सोडायची सवय मात्र गळ्याला लागून राहिली आहे. परवा मीनलनं विचारलं, "आई, व्हाय डू यू स्टॉप देअर?" तेवढ्या जागेत वेस्ली वाजवून घेतो... त्याचं झालं, की मी पुढचं कडवं उचलते.