इंदूरला उतरलो ती दुपार

हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, त्या वर्षांत मी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकांचं छोटं जेट उडवायचे. उजव्या खुर्चीत मी को-पायलट, डाव्या खुर्चीत कॅप्टन. ते हवाई दलातून निवृत्त झालेले, पुण्याचेच. मालकांना सकाळी दिल्ली गाठायची असायची आणि संध्याकाळी परत घरी यायचं असायचं. प्रवासी विमानांच्या गर्दीच्या वर, पंचेचाळीस हजार फुटांवर सरळ रस्ता मिळतो, म्हणून आम्ही तिथून जायचो.

बाबांचं नारायण पेठेत, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत चष्म्याचं दुकान होतं. त्यांच्या लेखी माझी नोकरी म्हणजे ड्रायव्हरकी. "गाडी दुसऱ्याची, पेट्रोल दुसऱ्याचं, आणि मिरवतेय आमची कन्या," असं ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर काच धरताधरता सांगायचे.

त्या उंचीवर मला कधी स्वस्थ बसवलं नाही. भर दुपारीसुद्धा डोक्यावरचं आभाळ शाईसारखं गडद दिसायचं. हवा इतकी विरळ, की वेग थोडा कमी झाला तर विमानाला आधार उरत नाही, थोडा वाढला तर ते थरथरायला लागतं. ऑटोपायलट सगळं सांभाळायचा, तरी माझी नजर सारखी काट्यांवरून फिरायची.

"अगं, जरा बाहेर बघ," कॅप्टन म्हणायचे. "हे बघायला लोक जीव टाकतील."

"आपले साहेब तर पडदा ओढून बसलेत, सर."

एवढ्या उंचीवर दोघांपैकी एकाने ऑक्सिजनचा मास्क लावून बसायचं असा नियम. मास्क गालांना रुतायचा, रबराचा वास नाकात बसायचा. कॅप्टन ज्येष्ठ, त्यामुळे तो बहुतेक वेळा माझ्याच वाट्याला यायचा. त्या दिवशी मीटिंग संध्याकाळची होती म्हणून आम्ही दुपारी निघालो होतो; मास्क तेव्हाही मीच लावला होता.

दिल्लीकडे जाताना, मध्य प्रदेशावर असताना कान एकदम गच्च झाले. मग धोक्याची घंटा वाजली, लाल दिवा लागला आणि कॉकपिटमध्ये धुकं पसरलं. केबिनमधली हवा बाहेर निघून चालली होती.

कॅप्टननी हात वर नेऊन तिथे टांगलेला आपला मास्क ओढून घेतला. तो तोंडाला लावायच्या आधी त्यांनी दुसऱ्या हाताने घंटा बंद केली आणि कुठला दिवा लागलाय ते वाकून बघायला लागले. त्या उंचीवर शुद्ध काही सेकंदच टिकते, तेवढा उशीर पुरला. मास्क त्यांच्या मांडीवर राहिला.

"सर, मास्क!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. अगदी प्रसन्न हसले. प्राणवायू कमी पडला की माणसाला उगाच छान वाटतं आणि जीभ जड होते, हे आम्हाला शिकवलेलं होतं.

"विमान माझ्याकडे," मी ओरडले. इंजिनांची ताकद कमी केली, पंखांवरचे ब्रेक उघडले आणि नाक खाली घातलं. एका हाताने विमान धरून दुसऱ्या हाताने त्यांचा मास्क त्यांच्या तोंडावर दाबून धरला. रेडिओवर मदत मागितली तेव्हा आवाज माझाच आहे का, असं मला वाटत होतं. विमान दगडासारखं खाली येत होतं आणि तरीही मला ते हळू वाटत होतं.

ढगांच्या जवळ पोचलो तेव्हा कॅप्टन हलले. त्यांनी मास्क स्वतःच्या हाताने नीट केला, समोर बघितलं आणि विचारलं, "आपण खाली का चाललोय?"

मी सांगितलं. त्यांनी विमान परत मागितलं नाही. इंदूरला मीच उतरवलं.

मालकांनी मागे छतातून पडलेला मास्क वेळेवर लावला होता. खाली उतरल्यावर ते विमानाच्या शेजारी उभे राहून बायकोशी फोनवर बोलले, उगाचच भाजीपाल्याचं काहीतरी. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "दिल्लीची मीटिंग उद्यावर ढकलली आहे. आता तुम्ही दोघं आधी काहीतरी खाऊन घ्या."

विमान दुरुस्तीला गेलं. दरवाज्याचं रबरी सील फाटलं होतं. मी पुण्याला घरी आले आणि फक्त "सुट्टी आहे" असं सांगितलं. पण घरात बसवेना. स्वारगेटपर्यंत पायी जायचे, कारण नसताना परत यायचे. बसथांब्यावर माणसं जांभया देताना दिसली की हवा कमी पडून त्यांचे ओठ निळे तर पडले नाहीत ना, ते बघायचे. जेवताना मध्येच उठायचे. आई म्हणाली, "पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या?"

आणि एका सकाळी कॅप्टन आमच्या दुकानात आले. मी तिथेच होते. बाबांना वाटलं, चष्मा हवा असेल.

"चष्मा नको," ते म्हणाले. "तुमच्या मुलीने माझा जीव वाचवला. तुम्हाला हे माहीत आहे का, ते विचारायला आलो."

बाबांनी त्यांना स्टुलावर बसवलं. कॅप्टननी सगळं सांगितलं, स्वतःचं काहीही न झाकता. म्हणाले, "आयुष्यभर मी पोरांना शिकवत आलो, आधी मास्क, मग बाकीचं. आणि मी घंटा बंद करत बसलो. वाईट म्हणजे मला फार छान वाटत होतं. त्या वेळातलं मला काहीच आठवत नाही." डॉक्टरांनी त्यांना उडायला हरकत नाही असं सांगितलं होतं. पण त्यांनी शिकवण्याचं काम घ्यायचं ठरवलं होतं.

बाबा बराच वेळ एक काच पुसत राहिले. मग मला म्हणाले, "आणि तू आम्हाला सुट्टी आहे म्हणून सांगितलंस."

"तुम्ही घाबरला असता, बाबा."

"अहो, घाबरणारच!" त्यांचा आवाज चढला. ते 'अहो' कॅप्टनना होतं, की मला, तेही त्यांना कळलं नसावं. मग आत जाऊन त्यांनी आईला हाक मारली आणि कॅप्टनना सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

मी उडणं सोडलं नाही. पुढे कॅप्टनही झाले. स्वस्थता मात्र तिथे वर आली नाही, आणि आता ती यावी असंही वाटत नाही. मास्क कुणीही लावलेला असो, मी शेजारच्या माणसाला मधूनमधून काहीतरी विचारत असते. वारा कसा आहे, काल जेवायला कुठे गेला होतात. उत्तर काय येतं याच्याशी मला घेणं नसतं, शब्द स्पष्ट येताहेत ना, एवढंच ऐकते. एक तरुण को-पायलट एकदा वैतागून म्हणाला, "मॅडम, तुम्ही किती बोलता!"

"सवय आहे," मी म्हटलं. "बोल, घरी कोण कोण असतं?"