तळमजल्याची ओल

माझे भावोजी रंगारी आहेत, पण सगळी गल्ली त्यांना पुट्टीशेठ म्हणते, कारण हा माणूस रंगापेक्षा रंगाच्या आधीच्या कामातच जास्त रमतो. भिंत घासायची, भेगा भरायच्या, पुट्टी ओढायची, वाळली की पुन्हा घासायची, मग डोळे मिटून तळवा फिरवायचा आणि कुठे बारीकसा खडा लागला की स्वतःलाच शिवी हासडून पहिल्यापासून सुरू. दुसरे रंगारी दोन खोल्या उरकतात तोवर यांची एक भिंत होते. "अहो भावोजी, लोक भिंत बघतात, कुरवाळत नाहीत," असं मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल. हसतात नुसते.

ताई आणि ते चौथ्या मजल्यावर भाड्याने राहतात. इमारत जुनी, लिफ्ट नाही. ताई न्हाणीघरात पडली, खुबा मोडला, ऑपरेशन झालं आणि त्या दिवसापासून जिना तिच्यासाठी बंद झाला. दवाखान्यात न्यायचं तर दोघं गडी तिला खुर्चीत बसवून उचलतात आणि प्रत्येक वळणावर ती डोळे गच्च मिटून घेते. एरवी दिवसभर खिडकीत. माझी बहीण घरात टिकणारी बाई नव्हती हो! भाजी आणायला गेली की बाजारातल्या निम्म्या लोकांची खबर घेऊन यायची. आता तिला वरून भाजीवाल्याचं टक्कल तेवढं दिसतं. "त्याचे उरलेसुरले केसपण गेले गं," असं मला हसत सांगते.

तिला खाली राहायला आणायचं, एवढा एकच ध्यास भावोजींनी घेतला होता. पण खालच्या मजल्यांची भाडी आमच्या आवाक्याबाहेर. तेवढ्यात पलीकडच्या मैदानावर तीन टॉवर उभे राहायला लागले आणि तिथल्या रंगाचं काम भावोजींना मिळालं. साइटवरच्या इंजिनिअरने त्यांच्या डोक्यात भरवलं, की नवीन घरं झाली की ऐपतवाले तिकडे जातात, त्यांची जुनी घरं रिकामी होतात आणि मग जुन्याची भाडी उतरतात. झालं! घरी आले ते वरातीतल्यासारखे. "अगं, मी तिकडे एकेक फ्लॅट रंगवतोय ना, तेवढी एकेक खोली इकडे मोकळी होतेय बघ," असं ताईला सांगायचे. त्या वर्षी त्यांनी जेवढं अंग मोडून काम केलं तेवढं जन्मात केलं नसेल. जणू टॉवर लवकर संपला की ताई लवकर खाली येणार होती.

मी शिवणकाम करते, पडदे शिवते. टॉवरमधल्या बायका माझ्याकडे येऊ लागल्या तेव्हा मलाही वाटायला लागलं, की माणसं खरंच हलतायत. अगदीच थाप नव्हती ती. त्या वर्षी गल्लीत कुणाचं भाडं वाढलं नाही. कोपऱ्यावरच्या न्हाव्याला मागच्या बोळात खोली मिळाली, अंधारी का होईना, पण परवडणारी. आणि मग आमच्याच इमारतीतले तळमजल्याचे मास्तर टॉवरमधल्या मुलीकडे राहायला गेले.

त्या खोल्या म्हणजे ओलीचं माहेरघर. मागच्या भिंतीला कमरेपर्यंत काळे डाग, वर पोपडे, कपाट उघडलं की बुरशीचा वास. मास्तर बारा महिने खोकायचे. दोन-तीन कुटुंबं बघून नाक धरून परत गेली. त्यामुळेच भाडं आमच्या टप्प्यात होतं. भावोजी तडक मालकाकडे गेले. म्हातारा मालक म्हणाला, "तुमची बायको अशी अडकलेली, मला दिसत नाही का? घ्या. भिंतीचं काय ते तुमचं तुम्ही करून घ्या, भाडं मास्तरांचंच ठेवतो." असं तोंडी ठरलं. आमच्याकडे सगळं तोंडीच ठरतं.

आता दुसरा कुणी असता तर डागांवर चुना फासून, कपाट पुढे सरकवून सामान खाली आणलं असतं. मी तेच म्हणत होते. "आधी ताईला खाली आणा. भिंत नंतर बघा." ताईसुद्धा म्हणाली, "अहो, मला बुरशी चालेल." पण ऐकतील तर ते भावोजी कसले! ओल्या भिंतीपाशी तिला निजवायचं या कल्पनेनेच त्यांना कसंतरी व्हायचं. टॉवरचं काम सुटलं की ते थेट तळमजल्यावर. सगळा गिलावा विटेपर्यंत खरवडला. बाहेरून मातीत चर खणला, फुटका पाइप शोधून बदलला, भिंत कित्येक आठवडे उघडी ठेवून वाळवली. मग नवा गिलावा, मग ती लाडकी पुट्टी, घासकाम, पुन्हा पुट्टी. शेवटी ताईच्या आवडीचा फिक्कट पिवळा रंग. मी पडदे शिवून लावले. खोटं कशाला बोलू, आत पाऊल टाकलं आणि मला रडू आलं. ताईच्या घरात इतका उजेड मी कधी पाहिला नव्हता.

मालकाचा जावई बघायला आला. त्याने खोलीभर फिरून फोटो काढले. भावोजींना कौतुकच वाटलं, वेडा माणूस! भिंतीवर तिरका उजेड पडेल असा दिवासुद्धा स्वतः धरून उभे राहिले.

चार दिवसांनी मालकाने बोलावलं. मी सोबत गेले. म्हातारा नजर चुकवत म्हणाला, "एक जोडपं आलंय. टॉवरमध्ये घर बघत होते, तिथलं परवडेना. फोटो बघून दुप्पट भाडं द्यायला तयार आहेत. जावई ऐकत नाही. तेवढं तुम्ही देत असाल तर पहिला हक्क तुमचा." मीच तोंड उघडलं. "लाज नाही वाटत? त्या भिंतीत यांचं रक्त आटलंय!" मालक म्हणाला, "म्हणून तर, बाई. काम इतकं सुरेख झालंय की ती आता मास्तरांची खोली राहिलीच नाही. मजुरी देईन ना मी, पै न् पै." त्याच्या आवाजात खोटेपणा नव्हता, त्याचाच मला जास्त संताप आला. त्याच पावली गेले आणि माझे पडदे काढून आणले. रंग काही काढून आणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी भावोजींनी इंजिनिअरला गाठलं. तोही बिचारा पोरगेलासा, कान खाजवत म्हणाला, "काका, उतरतात हो भाडी. पण अजून पुष्कळ घरं व्हायला हवीत. वेळ लागतो." भावोजी म्हणाले, "किती?" तो म्हणाला, "वर्षं जातात." खरंही असेल त्याचं. पण वर्षं कुणाच्या खुब्याला विचारून जातात का?

जोडपं राहायला आलं त्या दिवशी मी वर ताईकडे होते. ट्रकमधून सामान उतरत होतं. दोघंही कोवळी पोरं, चांगली होती, त्यांना शिव्या द्यायलाही जीभ रेटेना. मालकाने आता दुसऱ्या मजल्याचं कामही भावोजींना देऊ केलंय आणि ते घेणार आहेत, कारण टॉवरचं संपलं आणि पोट तर आहेच. ताई बराच वेळ खाली बघत बसली होती. मग तिने नवऱ्याला हळूच विचारलं, "अहो, पावसाळ्यात तिथे ओल परत येईल का हो? थोडी तरी?"

मला कळलं ती काय मागतेय ते. भिंत पुन्हा काळी पडावी, पोरं नाक धरून निघून जावीत आणि भाडं पुन्हा आपल्या टप्प्यात यावं.

भावोजींनी तळव्याकडे पाहिलं. खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं? पण त्यांना जमलं नाही.

"नाही गं," ते म्हणाले. "मी केलंय ते काम. आपल्या हयातीत तरी नाही यायची."

आणि मग ते तिथेच जमिनीवर बसून रडायला लागले.