नोंद केलेल्या भाडेकरूंचं घर

नवी मुंबईत आमची शेती गेली आणि बाबांनी गावठाणातल्या घरामागे भाड्याच्या खोल्या बांधल्या. तेव्हापासून त्यांचा एक नेम. भाडेकरूने सामान टेकवायच्या आधी पोलिसांत त्याची नोंद करायची. आधारची झेरॉक्स, फोटो, गावचा पत्ता, सगळं. शेजारपाजारचे चाळमालक हसायचे, कशाला डोक्याला ताप म्हणायचे. बाबा म्हणायचे, "आपला सगला सरल हाय, मंग भ्यायचा कनाला?" अख्ख्या आळीत अशी नोंद करणारे ते एकटेच. मला तर त्याचा भारी अभिमान.

यंदा गणपतीच्या तोंडावर चौकीतून बाबांना नोटीस आली. विसर्जनाच्या दिवशी सकाळपासून चौकीत हजर राहायचं, मिरवणुकीकडे फिरकायचं नाही. मी पुन्हा पुन्हा वाचली. नाव बाबांचंच, घरनंबर आमचाच. गावचा गणपती दरवर्षी स्वतःच्या हातांनी पाण्यात नेणारा माणूस, आणि त्याला गुंडांच्या रांगेत बसवता?

ऑफिसला दांडी मारून मी बाबांना घेऊन चौकीत गेले आणि सरळ भांडायलाच लागले. हवालदार ओळखीचे, दरवर्षी आमच्याकडे मोदक खाऊन जाणारे. त्यांनी बिचाऱ्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. नकाशावर अख्खी आळी हिरवी आणि आमचं घर लालभडक.

"मॅडम, कुठे गडबड होऊ शकते ते आता सिस्टीम आधीच सांगते," ते म्हणाले. "तुमच्या खोल्यांत राहून गेलेल्या काही जणांवर पुढे केसेस झाल्या. कुणावर सुरतेत, कुणावर पुण्यात. पण सिस्टीममध्ये त्यांचा पत्ता तुमचाच आहे."

"अहो, कधीच सोडून गेलीत ती माणसं. आणि बाजूच्या चाळींत काय सगळे संत राहतात?"

"त्यांची नोंदच नाही ना."

महाप्यातल्या आयटी कंपनीत मीही दिवसभर अशाच याद्या एकमेकींना जोडत असते, त्यामुळे हे कसं झालं ते मला तिथल्या तिथे कळलं. भांडायचं तर कुणाशी, ते मात्र कळेना. चौकीच्या मोठ्या साहेबांना अर्ज दिला. यादी वरून येते, बघतो, म्हणाले. बघितलं नाही.

विसर्जनाच्या सकाळी बाबा मिरवणुकीला निघावं तसे पांढरा सदरा आणि टोपी घालून चौकीत जाऊन बसले. मी शेजारी. त्या बाकावरून रस्ता दिसत नव्हता. मला इतका संताप येत होता की रडूही येईना.

संध्याकाळी ढोल जवळ आले, चौकीसमोरून तळ्याकडे गेले. हवालदार दारात उभं राहून बघत होते. इतकी वर्षं बाबा त्यांना 'भाऊ' म्हणत आले. आता ते बसल्या जागेवरूनच म्हणाले, "साहेब, आमचा गनपती गेला का?"