दुधाची सावड

सावरी खालाशी भांडून कुणी जिंकल्याचं आमच्या गल्लीला आठवत नाही. बुटकी, रुंद, बाह्या कायम कोपरावर. गाईशी बोलताना तिचा आवाज लोण्यासारखा. नवऱ्याशी बोलताना त्याच लोण्याचं ताक.

त्या उन्हाळ्यात डिझेल मिळेना, म्हणून दुधाची गाडी आमच्या दरीत वर यायची बंद झाली. गॅसच्या टाक्या आल्या नाहीत. खताची पोती सीमेपलीकडेच अडकली आणि गाईंसाठी लावलेला मका गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडला. हाताशी उरलं शेण. ते चुलीत घातलं तर मका उपाशी, मक्याला घातलं तर दूध तापवायचं कशावर?

"बांडीला विकू," खालाचा नवरा शोदी-अका म्हणाला. "शुक्रवारी दलाल येतोय."

"सगळ्यात जास्त दूध देणारी गाय विकायची? मग धारेला तुम्ही उभे राहा."

"हिवाळ्यात खाणारं एक तोंड कमी होईल, बाई!"

"खाणारी तोंडं मोजायचीच, तर दुसरंही एक आहे घरात."

आणि डोक्यावरचा रुमाल घट्ट करत ती गल्लीत निघाली.

पूर्वी, दुधाची गाडी सुरू व्हायच्या आधी, आमच्याकडे दुधाची सावड असायची. सगळ्या घरचं दूध आज एकीकडे, उद्या दुसरीकडे. खालाने दारोदार तेच सांगितलं. "नऊ घरं, नऊ चुली, कशाला? रोज एकच चूल पेटू दे. बाकीचं शेण मक्याला. लोणी काढा, ताक आटवून कुरुताचे गोळे वाळवा. त्यांना गाडी लागत नाही, कुणाच्याही पिशवीत बसून बाजाराला जातात."

"पहिला दिवस कुणाचा?" शेजारच्या गुलअंदामने विचारलं.

"माझा. सगळ्यात मोठी कढई कुणाकडे आहे?"

ती खालाच्याच चुलीवर होती.

दुसऱ्या सकाळी खालाच्या अंगणात बादल्यांची रांग लागली. सोललेली काठी दुधात उभी बुडवायची, ओल जिथवर चढेल तिथे सुरीने खूण करायची. त्या घराची पाळी आली की तेवढं दूध तिथे परत जायलाच हवं. गुलअंदामची नवी सून झैनुरा धार काढून धावतच आली आणि आल्या आल्या तिने काठी बुडवली.

"अगं, फेस मोजतेस होय?" खाला ओरडली. "तो बसू दे आधी! फेसाचं लोणी तुझ्या सासूला काढता येत असेल, मला नाही येत."

"मला आली असती ती विद्या," गुलअंदाम म्हणाली, "तर तुझ्या दारात आले असते का?"

शुक्रवारी दलाल आला. रीतीप्रमाणे त्याने शोदी-अकाचा हात पकडला आणि सौदा ठरेपर्यंत सोडायचा नाही अशा बेताने गदागदा हलवायला लागला. "बोला अका, दिली? दिली म्हणा!"

"द्या की," खाला दारातून म्हणाली. "फक्त आधी आठ घरचं दूध परत करा. तुमच्या घरात आलंय, लोणीही तुम्हीच चाटलंय."

"बाकीच्या दोन गाई आहेत ना?" शोदी-अका म्हणाला.

"त्या दोघींच्या दुधात एका गुलअंदामची खूण भरायची नाही."

भिंतीवरून गुलअंदामचं डोकं वर आलं. "अका, आमचं दूध बुडवणार का हो?" तिच्यामागे आणखी दोन डोकी.

दलालाने हात सोडला. "सावडीत अडकलेली गाय मी नेत नाही बुवा. उद्या याच गल्लीतून मला बकरे न्यायचेत."

तो गेल्यावर शोदी-अका बायकोकडे बघत राहिला. "म्हणून पहिला दिवस घेतलास?"

"मग काय शेवटचा घेऊ?"

"आणि सगळ्यांचं फिटल्यावर?"

"दुसरा फेरा. कढई अजून माझीच मोठी आहे."

त्याने शेणाची पाटी खांद्यावर घेतली आणि मक्याकडे निघाला.