मेदेरच्या कोमुझातला उशीर

डोंगरातल्या नारिन गावात त्या दिवशी थंडी अशी होती की कनिशायने अंगणात भिरकावलेलं भांड्यांचं पाणी जमिनीला लागेस्तोवर कडक झालं. तिने चुलीतली राख काढली, कोळसा भरला, बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळायचे म्हणून पीठ भिजवून झाकलं. गुरुवार होता. गुरुवारी तेल तापवून वास सोडायचा. घरातली गेलेली माणसं तो हुंगायला येतात. मग हात पुसून ती मागच्या खोलीत शिरली. भिंतींना लोकरीचे जाड नमदे ठोकलेल्या त्या खोलीत ती लग्नाची गाणी रेकॉर्ड करायची. आळीत तिला यंत्रवाली सूनच म्हणत.

नवऱ्याला, मेदेरला, जाऊन वर्ष होत आलं होतं. रविवारी वर्षाचं जेवण. घोडं कापायचं, सगळा गोतावळा येणार. सासूने, बुरुलकान आपाने, एकच हट्ट धरला होता: पोराचं शोकगीत ती त्याच्याच कोमुझाच्या साथीने आधी गाऊन ठेवणार आणि रविवारी ते सगळ्यांना ऐकवणार. मेदेर होता तेव्हाच कनिशायने त्याच्या त्या तीनतारी वाद्याचा एकेक सूर टिपून संगणकात कोमुझ बांधला होता. कीबोर्डाची पट्टी दाबली की मेदेरच्या बोटाचा सूर यायचा. पण उशिरा. उशीर तो केवढासा, तरी आपाचा गळा त्यात अडखळायचा. काल ती गाणं अर्धवट टाकून उठून गेली होती. हे असंच राहिलं तर म्हातारी रविवारी मुकीच बसणार होती.

कनिशायने आधी सगळा दोष यंत्राच्या माथी मारला. नवा ड्रायव्हर घातला. आवाज क्षणभर साठवून ठेवणारा बफर कमी करत नेला, आवाज चरचरायला लागला तेव्हा एक पायरी मागे आली. वायफाय बंद केलं, बाकीचे प्रोग्राम झोपवले. मग पियानोचा आवाज लावून पाहिला. बोट टेकलं की सूर हजर. पुन्हा कोमुझ लावला. उशीर तसाच.

म्हणजे दोष यंत्रात नव्हता, टिपलेल्या सुरांतच होता. एक सूर तिने पडद्यावर मोठा करून पाहिला. तार वाजण्याआधी एक सपाट पट्टा होता. तेवढा छाटायचा राहून गेलेला. सपाट, पण अगदीच सपाट नव्हे. तिने आवाज चढवला. नाकातून आत ओढलेला श्वास. दुसरा सूर उघडला, तिथेही श्वास. तिसऱ्यातही. सुरांची शेपटं तिने टिपतानाच उडवली होती. म्हणजे आत घेतलेले श्वास तेवढे उरले होते, बाहेर सोडलेला एकही नाही.

आपा दारात कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. हेडफोन लावून तिने सूर न् सूर ऐकला. लहानपणापासून असाच, म्हणाली. घास घ्यायच्या आधीसुद्धा दम भरायचा, जसं काही नदीत उडी घ्यायचीय.

"आपा, हे छाटलं की उशीर जाईल. पण छाटू कसं?"

"छाट पोरी. वरीसभर दम कोंडून बसलंय माझं लेकरू. त्येनं किती कोंडावं?"

कनिशाय एकेक श्वास छाटत गेली. मग दोघी रेकॉर्डिंगला बसल्या, कनिशाय कीबोर्डाशी, आपा माइकपुढे. सूर बोटाखालीच उमटत होता, आणि आपाचा गळा गोठलेल्या नदीखालून पाणी चालावं तसा चालला. गाणं संपलं. शेवटचा सूर विरेपर्यंत दोघी हलल्या नाहीत.

कनिशायने सगळं पुन्हा लावून ऐकलं. शेवटची तार विझली आणि मागून, माइकच्या अगदी जवळून, श्वास सुटला. लांबलचक. खांद्यावरचं ओझं खाली ठेवावं तसा.

"तुम्ही सोडलात, आपा?"

"म्या तोंडात रुमाल कोंबला हुता. तू?"

कनिशायने नकारार्थी मान हलवली. तिचं बोट छाटायच्या बटणावर गेलं आणि तिथेच थांबलं.

"राहू दे," आपा म्हणाली. मग नाक वर करून तिने हवा हुंगली. "त्यो येऊन बसलाय, अन् आपली कढई अजून थंड. ऊठ."

कनिशायने गाणं होतं तसं जतन केलं. खोलीचं दार ती एरवी ओढून घ्यायची, ते आज उघडंच ठेवलं आणि पीठ लाटायला गेली.