सुधारेपर्यंत

आमच्या तुरुंगाला भिंत नव्हती. पूर्वी बायकांना पुरुषांच्या तुरुंगाच्या माळ्यावर कोंडत. मग राज्य सरकारने कॅन्ससमधल्या मक्याच्या शेतांत विटांची सहा घरं बांधली, खिडक्यांना पडदे लावले आणि त्याला सुधारगृह म्हटलं. पळून जाणार कुठे? चहूकडे मैलोन्‌मैल मका, आणि अंगात दुरून ओळखू येणारा पट्ट्यापट्ट्यांचा झगा. तिथल्या स्वयंपाकघरावर मी बावीस वर्षं पहारेकरीण होते.

लुएला प्रूइट आली १९३८ साली, एकोणीस वर्षांची. नवऱ्याचं घर सोडून ती एका खानावळीत कामाला राहिली होती. न्यायाधीशाने तिला वाईट चालीची ठरवलं. शिक्षेची मुदत कागदावर नव्हतीच. ‘सुधारेपर्यंत’ एवढंच लिहिलं होतं. सुधारली की नाही ते वर्षातून एकदा सुटकेचं मंडळ ठरवायचं, आणि मंडळ ऐकायचं आमच्या अधीक्षिका मिस ग्रेबर यांचं.

लुएलाच्या हाताला चव होती. पिठाला बोट लावून ती सांगायची, आज पाणी कमी लागेल. तिच्याआधीचा पाव कॉफीत बुडवल्याशिवाय दातांनी तुटत नसे. तिचा पाव मिस ग्रेबर पाहुण्या आमदारांना वाढू लागल्या, आणि दर वर्षी अहवालात लिहू लागल्या, ‘अजून तयार नाही.’ अहवाल टपालात टाकायला मीच न्यायची. वाचायची, आणि गप्प बसायची.

पाचव्या वर्षी हे लुएलाच्या ध्यानात आलं. तिने सलग तीन दिवस मुद्दाम पाव करपवले. तिला दहा दिवस एकटीला कोंडलं आणि अहवालात ‘उद्धट’ हा शब्द वाढला.

“चांगला भाजला तर सोडत नाहीत, जाळला तरी सोडत नाहीत,” बाहेर आल्यावर ती मला म्हणाली. “बाई, तुम्हीच सांगा, कसा भाजू?”

मी भांडी मोजल्यासारखं केलं.

१९४६ साली नेटी बोल्स आली. दुकानातून कोट उचलला होता. तिचीही शिक्षा बेमुदत. सारखी भट्टीपाशी घुटमळायची, मलाही शिकव म्हणून मागे लागायची, बाहेर गेल्यावर बेकरी काढायचे बेत सांगायची. लुएलाने वर्षभर तिला पिठाला हात लावू दिला नाही. ही म्हातारी सगळं थडग्यात घेऊन जाणार, असं नेटी चिडून म्हणायची. म्हातारी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. ती का शिकवत नाही, हे मला कळत होतं. जिला तो पाव जमेल, तिला मिस ग्रेबर सोडणार नव्हत्या.

त्या हिवाळ्यात लुएलाची आई गेली. कार्यालयाने उघडून वाचलेलं पत्र तिच्या हाती पडलं, तोवर दफन होऊन नऊ दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नेटीला परातीपाशी उभं केलं आणि तिचे हात धरून मळायला शिकवलं. आठ महिन्यांनी कोणता पाव कुणाचा, ते मिस ग्रेबरनाही सांगता येईना.

मंडळाच्या पुढच्याच बैठकीत लुएला ‘सुधारली’. निघताना नेटीने तिला मिठी मारली; पुढच्या वर्षी आपला नंबर, म्हणाली.  लुएला फाटकाशी माझ्यापुढे थांबली.

“मी काय केलं ते मला माहीत आहे, बाई. तुम्हालाही आहे.”

नेटी आणखी सहा वर्षं तिथेच राहिली. लुएला दर वर्षी मंडळाला सगळी हकीकत लिहून पाठवायची. पत्रं मिस ग्रेबरकडे परत येत आणि मी ती फायलीत लावून ठेवी. शेवटी मिस ग्रेबर निवृत्त झाल्या. नव्या अधीक्षिकेने गावातल्या बेकरीतून पाव आणायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी नेटीला सोडलं.

लुएला तिला न्यायला आली होती. नेटीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ती रस्त्याने चालू लागली. लुएला दहा पावलं मागून, तिची पेटी उचलून.