भिंगरीचा दुप्पट वेग

माझ्या भाचीला घरात सगळे भिंगरी म्हणतात, आणि त्यात तिळभर अतिशयोक्ती नाही. आपला पहिला घास तोंडात जाईपर्यंत ती हात धुऊन मोकळी झालेली असते. डॉक्टर झाल्यावर पुढच्या शिक्षणासाठी तिने सर्जरी निवडली, तेव्हा मामा म्हणून मला आधी पेशंटचीच काळजी वाटली.

त्यात निम्मे वर्ग ऑनलाइन. सरांनी केलेल्या ऑपरेशनांचे व्हिडिओ घरी बसून बघायचे. भिंगरी ते दुप्पट वेगाने बघायची. खोलीतला आवाज ऐकून माझी बहीण विचारायची, "तुझ्या सरांच्या मागे कुत्रं लागलंय का गं?" ऑनलाइन परीक्षेत मात्र बाईसाहेब पहिल्या!

म्हणून सरांनी तिला पहिलं हर्नियाचं ऑपरेशन दिलं. स्वतः समोर उभे राहिले. छेद सुरेख गेला. मग एका बारीक रक्तवाहिनीतून रक्त झिरपू लागलं.

"गॉज ठेव. दाब."

तिने गॉजची, म्हणजे त्या जाळीदार कापडाची, घडी दाबली आणि लगेच उचलून पाहिली. रक्त. परत दाबली, परत उचलली. परत रक्त. शेवटी सरांनी तिचा हात बाजूला केला आणि उरलेलं ऑपरेशन स्वतःच उरकलं.

"पुढच्या आठवड्यात अजून एकदा बघू. नाही जमलं, तर यंदा तुला स्वतंत्र ऑपरेशन नाही."

घरी आल्यावर नुसती आदळआपट. "दाबून उभं राहायचं, त्यात काय एवढं मोठं?"

"मग राहिली का नाहीस?" तिची आई म्हणाली. आयांना असले प्रश्न अगदी आयते सुचतात.

भिंगरीने सरांचा हर्नियाचा व्हिडिओ पुन्हा लावला, जन्मात पहिल्यांदा साध्या वेगाने. सरांनी घडी दाबली, चित्र किंचित हललं, घडी उचलली आणि खाली सगळं कोरडं. मधलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी तिने सरांना गाठलं.

"सर, मधला भाग कुठे गेला?"

"कापला व्हिडिओवाल्यांनी. बघणारे कंटाळतात म्हणे." सर हसले. "खरं तर तेवढंच शिकवण्यासारखं होतं."

हे ऐकल्यापासून मी विचारात पडलोय. व्हिडिओ पळवता येतो, परीक्षा पळवता येते, पण रक्त आपल्या वेळेनेच थांबतं. त्याला कुणी बटण बसवलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा हर्निया, पुन्हा रक्त. भिंगरीने घडी दाबली. बोटं अवघडली. मास्कच्या आत नाक खाजायला लागलं. उचलून बघावंसं तर इतकं वाटत होतं की विचारू नका!

"काय करतेयस?" सरांनी विचारलं.

"काही नाही, सर."

"छान. तेच कर."

बऱ्याच वेळाने सरांनी मान हलवली. तिने घडी उचलली. कोरडं होतं. पुढचं सगळं ऑपरेशन तिनेच केलं, आणि टाके तर इतके सावकाश घातले की सरच म्हणाले, "अगं, आता आवर. पेशंटला घरी जायचंय."